वाचल्याशिवाय सही नाही

माझी बायको गेल्याला वर्ष होत आलं. दुसरा झटका झोपेतच आला आणि त्याने तिला काही करूच दिलं नाही. मी सांगतोय ते पहिल्या झटक्याबद्दल, कारण त्याला ती पुरून उरली. लिहिणं हे माझं काम नाही. मी छापखान्यात मशीन चालवायचो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जन्मभर छापलं, स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ते कागद छापले जायचे. बारीक टाईप, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. ही तिथे प्रूफं तपासायची. तिने दोन्ही बाजू वाचून खाली 'छापा' असं लिहून सही केल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. एकदा काम तुंबलं होतं म्हणून मी म्हटलं, "कर गं सही, मागाहून वाच." तर मान वर न करता म्हणाली, "वाचल्याशिवाय सही नाही. लग्नाच्या कागदावर केली तेवढी पुरे."

तिच्या मागे सगळे तिला टाचणी म्हणायचे. बारीक आणि टोचणारी. मीही म्हणायचो.

तो झटका आला तेव्हा ती टेबलावरच होती. मी मशीनवर. ती हातात कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. सगळ्या मजकुराभोवती लाल पेनने मोठं वर्तुळ काढलेलं. मी कागद बघितला. छपाई स्वच्छ होती. तरी सवयीने मशीन थांबवलं, प्लेट बघितली, रोलर बघितले. ही कागदावर बोट आपटत होती. तिच्या मते सगळीच अक्षरं चुकीची पडली होती, आणि दोष अर्थातच माझ्या मशीनचा. बोलायला गेली तेव्हा शब्दाऐवजी नुसता आवाज आला आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. मग मला कळलं की बिघाड मशीनमध्ये नाही.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ह्या वाचा जाण्याला ते अफेजिया म्हणतात. बोलण्यातला पहिला शब्द परत आला तो "अहो". पाणी हवं तरी अहो, खिडकी लावा म्हणायचं तरी अहो, माझं चुकलं तरी अहो. सूर तेवढे वेगळे. मला तिन्ही कळायचे, त्यामुळे आमचं भांडण काही बंद पडलं नाही. घरी आणल्यावर हळूहळू दोन-दोन, तीन-तीन शब्द येऊ लागले. ऐकलेलं बहुतेक सगळं तिला समजायचं. पण समोर छापील कागद धरला की ती त्याच्याकडे अशी बघायची, जशी आपण गर्दीत ओळखीच्या माणसाकडे बघतो आणि नाव काही केल्या आठवत नाही.

मालक भेटायला आले. पलंगाशेजारी स्टुलावर बसले. चांगला माणूस, पण कामाच्या बाबतीत गुळमुळीत बोलणं त्यांना जमत नाही.

"बाई, खुर्ची तुमचीच आहे," ते म्हणाले. "मी तात्पुरती एक मुलगी घेतलीय. पण औषधाचा कागद आहे हा. लग्नपत्रिका असती तर मी डोळे मिटून तुम्हाला बसवलं असतं."

ही त्यांच्याकडे बघत राहिली. मग डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीला लावून म्हणाली, "येणार."

"या ना. वाचता येऊ दे, मग या."

"येणार," ती परत म्हणाली. मालकांना जिन्यापर्यंत सोडायला मी गेलो तेव्हा आतून तिसऱ्यांदा ऐकू आलं.

बाकी सगळ्याचं तिने वाईट वाटून घेतलं नाही. हात लुळा तर लुळा. भाजी मी चिरली, ती वाकडी चिरली म्हणून बोलणी खाल्ली. पण टेबल तिला परत हवं होतं. तिला प्रूफ वाचून सही करायची होती. दुसरं काही मागितलं नाही.

वाचा-उपचार करणारी मुलगी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत बसायची. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला आरसा. आमच्या लेकीपेक्षा वयाने लहान असेल. आम्हाला काका-काकू म्हणायची, आम्ही तिला बाई म्हणायचो. लेकही बरोबर आली होती.

बाईंनी एकेक शब्द लिहिलेली कार्डं समोर ठेवली. पहिल्या कार्डावर 'डॉक्टर' होतं. हिने बघितलं आणि म्हणाली, "दवाखाना." 'कात्री' होतं, ती म्हणाली, "सुरी." मग इंग्रजीतलं 'मिल्क'. ही लगेच म्हणाली, "दूध." इंग्रजीतलं 'चेअर', ही म्हणाली, "खुर्ची," आणि आपल्याला आलं म्हणून माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"बरोबरच आहे की," लेक म्हणाली.

"अर्थ बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "पण कार्डावर खुर्ची लिहिलेलं नाही. काकूंना शब्दाचा अर्थ पोचतोय, आवाज पोचत नाही. म्हणून अर्थ धरून त्या जवळचा दुसरा शब्द उचलतात, कधी दुसऱ्या भाषेतला."

मग त्यांनी 'आणि', 'पण', 'नये' अशी कार्डं ठेवली. ही गप्प. इंग्रजीतले तसलेच बारके शब्द ठेवले. तेव्हाही गप्प. ज्या शब्दाचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही तिथे तिला धरायला काही नव्हतं. मला आमचे औषधांचे कागद आठवले. औषधांची नावं म्हणजे काय? त्यांना अर्थ नसतो, कुठल्याच भाषेत. आणि सगळा मजकूर चालतो तो 'नये' आणि 'किंवा' वर.

लेकीने खालच्या आवाजात विचारलं, "एकच भाषा घेतली तर? मराठी तेवढी करा. दोन्हींचा भार कशाला?"

"दोन भाषा एकमेकींच्या ताटातलं खात नाहीत," बाई म्हणाल्या. "सुरुवात मराठीने करू, कारण मराठीत अक्षर जसं दिसतं तसंच बहुतेक बोलतं. तिथे रस्ता तयार झाला की त्यातला काही उपयोग इंग्रजीलाही होतो, असं दिसतं. किती होईल ते आधी सांगता येत नाही. काकूंना काय हवंय ते विचारू."

हिने डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि लेकीच्या नाकासमोर नेली.

"कळलं आई," लेक म्हणाली. "डोळ्यात घालू नकोस."

पुढच्या वेळी एक गंमत झाली. बाईंनी एक कागद दिला. त्यावर काही खरे शब्द आणि काही मुद्दाम बनवलेले, ज्यांना अर्थच नाही असे. मटूक, तोसळ, लबीर, असले काहीतरी. मागच्या बाजूला इंग्रजीत तसंच. अक्षर लावून आवाज काढता येतो का ते त्यांना बघायचं होतं. त्यांना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. टेबलावर लाल पेन पडलेलं होतं.

बाई परत आल्या तेव्हा हिचं काम संपलं होतं. मटूकला गोल, तोसळला गोल, लबीरवर काट आणि समासात खूण. पालथ्या बाजूलाही तेच. कागद तिने बाईंकडे सरकवला आणि तोंडाने असा आवाज केला, जसा ती नव्या टाईप करणाऱ्या पोराचं पान परत पाठवताना करायची.

मी म्हटलं, "बाई, माफ करा. कामाची सवय आहे."

बाई कागद घेऊन खाली बसल्या आणि बोट लावत खालपर्यंत गेल्या. मग पालथा करून परत गेल्या. "काका, एकही चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "सगळे खोटे शब्द पकडलेत, दोन्ही भाषांतले. खऱ्या शब्दांना हात लावलेला नाही." मग हिला विचारलं, "काकू, तुम्हाला तर हे वाचून दाखवता येत नाहीत. मग खोटे कसे कळले?"

हिने विचार केला. "डोळे," म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "जुने."

त्या दिवशी बाईंनी आखलेला बेत बदलला. शब्द ओळखायची ताकद शाबूत आहे, दोन्ही भाषांत. अक्षरापासून आवाजापर्यंतची वाट तेवढी तुटलीय. तर चुका पकडायच्या ह्या खोडीवरच सगळा अभ्यास बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी चुका घातलेली पानं बनवून द्यायची, हिने चूक धरायची, आणि धरलेलं अक्षर तोंडाने म्हणायचं. मुलांसारखं 'क' म्हण, 'ख' म्हण, असं असतं तर ही दोन दिवसांत उठून गेली असती. चूक म्हटल्यावर मात्र तिला राहवायचं नाही.

अक्षराला आवाज चिकटवायचा म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी तिने स्वतःचा एक शब्द निवडायचा, जो ती न अडखळता बोलू शकते. बाई म्हणाल्या, काकू, तुम्हीच सांगा. 'श'ला ती म्हणाली शाई. 'प'ला पान. 'र'ला रोलर. 'म'ला मशीन, आणि माझ्याकडे बोट. 'ट' आला. ती थोडी थांबली.

"टाचणी," म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"अहो," ती म्हणाली. हा माझं चुकलं तेव्हाचा अहो होता. "माहीत. पहिल्यापासून."

बाईंना काही कळलं नाही, पण दोघी हसल्या.

घरी सकाळी चहा झाला की आम्ही बसायचो. शब्दात 'प' दिसला की आपलं 'पान' आठवायचं, त्यातला पहिला आवाज तोडायचा, पुढच्या अक्षराचा जोडायचा. प, मग पु, मग पुढचं अक्षर, मग सगळं एका दमात. सोपं वाटतं. तिच्या कपाळावर घाम यायचा. कधी सगळं जोडून झाल्यावर शेवटी भलताच शब्द निसटायचा, आणि तिला ते कळायचं, म्हणून ती टेबलावर मूठ आपटायची. मी म्हणायचो, उद्या करू. ती म्हणायची, "आत्ता." लेक एकदा आली आणि हे बघून मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"बाबा, तिचा छळ करू नका."

"मी करतोय? मला चहालासुद्धा उठू देत नाही."

"मग तुम्ही नाही म्हणा."

"तू म्हणून बघ," मी म्हटलं. ती बाहेर गेली, आईसमोर उभी राहिली, आणि थोड्या वेळाने मी बघतो तर मायलेकी 'किंवा' जोडत बसलेल्या.

मराठी आधी सुधारली. मग बाईंनी इंग्रजी तपासलं, ज्याचा आम्ही सराव केलाच नव्हता, तर तेही थोडं पुढे सरकलेलं. अनोळखी नावंसुद्धा ती तोडून तोडून वाचू लागली. बाई खूश झाल्या, पण हातचं राखून. म्हणाल्या, इंग्रजीतली अक्षरं एका ठिकाणी एक बोलतात, दुसऱ्या ठिकाणी दुसरं, तिथे वेगळी मेहनत लागेल. आम्ही ती केली. मालक मधे मधे फोन करायचे. शेवटी हिनेच माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "तयार."

मालकांनी तिला बोलावलं. तिच्याच टेबलावर बसवलं आणि एका जुन्या कागदाचं प्रूफ दिलं. त्यात त्यांनी मुद्दाम चुका घातल्या होत्या. मला काचेपलीकडे उभं केलं. हिच्या जागी घेतलेली नवी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून नख चावत होती. तीच नापास होणार असल्यासारखी. ही डाव्या हाताने पेन धरून, ओठ हलवत, ओळीखाली पट्टी सरकवत बसली. मशीनवरची माणसं दोनदा डोकावून गेली. मराठी बाजूच्या सगळ्या चुका तिने धरल्या. इंग्रजीतली औषधाची नावं, आकडे, सगळं धरलं. एक सोडून.

मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मूळ मजकुरात होतं, 'शुड नॉट बी गिव्हन टू चिल्ड्रन'. मुलांना देऊ नये. त्यांनी त्यातला 'नॉट' काढून टाकला होता.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने पेनचं टोपण लावलं. मालक म्हणाले, "बाई, मराठी बाजू तुम्हीच बघा. इंग्रजी ही मुलगी बघेल. मला चालेल."

"नाही," ती म्हणाली. "मला... नाही चालत." आणि माझ्याकडे वळून, "घरी."

मला वाटलं संपलं. लेकीलाही वाटलं. दोन दिवस तिने कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिने औषधाचा एक कागद काढला आणि इंग्रजी बाजू वर करून टेबलावर ठेवला.

बाईंना सांगितल्यावर त्यांनी आता वेगळंच काम सुरू केलं. बारके शब्द सुटे वाचायचेच नाहीत. अख्खं वाक्य घ्यायचं आणि दोघांनी बरोबर मोठ्याने वाचायचं, बाई आणि काकू, एका सुरात, काकूंचं बोट शब्दाखाली. परत परत तेच वाक्य. मग बाईंनी आपला आवाज हळूहळू कमी करायचा. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. ह्या पद्धतीने 'नॉट' आणि 'विथ' वाक्याच्या प्रवाहात आपोआप तोंडात येऊ लागले. दरवेळी नाही, पण येऊ लागले.

एकदा बाईंचा आवाज पुढे गेला आणि हिचं बोट मागे पडलं, तेव्हा ही एकदम थांबली. "कॉपी," म्हणाली. "अहो, कॉपी."

बाईंना वाटलं तिला त्या कागदाची कॉपी हवीय. मला कळलं. फार पूर्वी, आम्ही नवे होतो तेव्हा, प्रूफ दोघं मिळून तपासत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, त्याला आम्ही कॉपीवाला म्हणायचो, आणि दुसऱ्याचं बोट प्रूफावरून चालायचं. कानावर एक आणि बोटाखाली दुसरं आलं की बोट थांबायचं. पुढे माणसं कमी केली, कॉपीवाले गेले, आणि ही एकटीच दोन्ही प्रती बघू लागली.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. हिला घेऊन मालकांकडे गेलो आणि म्हटलं, "मी हिचा कॉपीवाला म्हणून बसतो."

"तुमचं इंग्रजी?"

"मोडकंतोडकं. पण जे लिहिलंय ते वाचीन, मनाचं घालणार नाही."

मालकांनी डोकं खाजवलं. "बसा. पण त्या मुलीचीही सही लागेल. दोन सह्या. चालेल का बाई, तुम्हाला?"

हिने मान हलवली. चालणार होतं.

त्या दिवशीचं काम खरं होतं. एका जुन्या औषधाची नवी, जास्त ताकदीची गोळी आली होती आणि तिचा कागद करायचा होता. मी मूळ प्रत घेऊन खिडकीशी बसलो आणि वाचायला लागलो. चौथ्या ओळीत तिने हात वर केला. मला वाटलं चूक सापडली.

"अहो," ती म्हणाली. "असं वाचलंत तर... रोगी... उठून पळेल."

काचेपलीकडची माणसं हसली. मी सावकाश वाचू लागलो. प्रत्येक शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम. तिचं बोट चालत होतं. एका ठिकाणी मी म्हटलं, "टेक विथ फूड," आणि बोट थांबलं.

"परत."

"टेक विथ फूड."

ती ओळीवर वाकली. प्रूफात 'विदाउट' होतं. तिने कागद पालथा केला, मराठी बाजू शोधली आणि जोडत जोडत स्वतः वाचलं. "जेवणाबरोबर." मग परत इंग्रजी. मग मालकांना हाक मारली. जुन्या गोळीचा कागद समोर ठेवून नवा टाईप केला होता, आणि जुनी गोळी रिकाम्या पोटी घ्यायची होती. इंग्रजी बाजूची ती ओळ तशीच राहिली होती. ही चूक कुणी मुद्दाम घातली नव्हती. नव्या मुलीने त्या ओळीखाली रेघ ओढली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

दुरुस्त प्रूफ आलं. आम्ही परत पहिल्यापासून वाचलं. संपल्यावर मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"तुम्ही... गप्प," ती म्हणाली.

तिने पट्टी घेतली आणि इंग्रजी बाजू एकटीने वाचायला घेतली. ओठ हलत होते. 'विथ' पाशी आली, थांबली, मागे गेली, अख्खं वाक्य पुन्हा घेतलं, 'विथ' म्हणाली आणि पुढे गेली. खाली आणखी एक 'नॉट' होता, तोही म्हणाली. मशीनवाला दारात येऊन उभा राहिला. "काका, होणार आहे का आज?" त्याने मला विचारलं. मी गप्पच होतो, मला तसं सांगितलेलं होतं. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग मराठी बाजू. मग पेन डाव्या हातात नीट बसवलं आणि खाली 'छापा' लिहिलं. अक्षरं वाकडी होती. सही त्याहून वाकडी. नव्या मुलीने शेजारी आपली केली आणि मशीनवाला कागद घेऊन गेला.

मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात तिने ढिगातलं पुढचं प्रूफ स्वतःकडे ओढलं आणि त्याची मूळ प्रत माझ्या खुर्चीवर ठेवली.

"बसा," म्हणाली. "वाचा."